शेजाराची अट

लालबागमधली आमची चाळ धोकादायक ठरली, तेव्हा आम्ही ती बिल्डरच्या घशात घातली नाही. रहिवाशांनीच सोसायटी केली आणि नवी इमारत स्वतः बांधायला घेतली. मीटिंगमध्ये कुणाला पार्किंग हवं होतं, कुणाला मोठं देवघर. मी एकच हेका धरला: चाळीत ज्याच्या शेजारी जो होता, तोच नव्या इमारतीतही हवा. आर्किटेक्ट वैतागला. "मॅडम, फ्लॅट म्हणजे काय पत्ते आहेत, हवे तसे लावायला?"

"लावूच नका. आहेत तसेच ठेवा," मी म्हटलं.

यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. मी एकटी बाई. जवळचं माणूस म्हणाल तर भिंतीपलीकडची शेजारीण. माझ्या तापात तिने मला पेज भरवली. तिचा नवरा गेला तेव्हा मी महिनाभर तिच्याकडेच झोपले. भांडायचोही, पण भांडण दुपारच्या चहापलीकडे कधी टिकलं नाही.

काम सुरू झालं आणि सगळे पांगले. ती कोकणात गावी गेली, मी भोईवाड्यात भाड्याच्या खोलीत. तिथली माणसं वाईट नव्हती, माझी नव्हती इतकंच. संध्याकाळी घर खायला उठायचं. मग मी बांधकामावर जाऊन तिची खिडकी कुठे येणार ते बघून यायचे. अखेर अट पाळली गेली. दाराला लागून दार आलं.

वास्तुशांतीला तिचा मुलगा चावी घ्यायला एकटाच आला. "मावशी, आई गावालाच राहणार म्हणते. रूम भाड्याने देतोय."

मी तिथूनच तिला फोन लावला.

"हंय बरा वाटता गो," ती म्हणाली. "दार उघडला काय अंगण. तू राग धरू नको हां."

मला रागच आला. त्या अंगणाचाही आला.

फोन ठेवते तोच गाऱ्हाणं सुरू झालं. नारळ फोडण्याआधी आमच्यातले सगळ्यांत वयस्कर आजोबा देवापुढे एकेकाचं मागणं मांडतात, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणतात. कुणी मुलाला नोकरी मागितली, कुणी नातवंड. आजोबा माझ्याकडे वळले. "बाये, तुझा काय मागणा?"

इतकी वर्षं मी एकच गोष्ट मागत आले होते. ती आता देवाच्याही हातात राहिली नव्हती.

"माझा काय्येक नाय," मी म्हटलं.

आणि सवयीने सगळे ओरडले, "होय म्हाराजा!"