लुफ्टेनआजोबांची खिडकी

लुफ्टेनआजोबा आमच्याकडे आले की आधी खिडकीकडे जात आणि मग माणसांकडे. दारात मान किंचित लववायची, बूट काढायचे आणि थेट जाऊन खिडकी सताड उघडायची, मग बाहेर बर्फ का पडत असेना. नंतर वळून म्हणायचे, "आल्झो, आता बोलू." डार्मश्टाटमधले ते आमचे घरमालक. तोंडावर आम्ही त्यांना 'हेर' लावून आडनावाने हाक मारायचो, पण घरात ते लुफ्टेनआजोबाच. लुफ्टेन म्हणजे घरात वारा खेळवणे. जर्मनीत भाड्याने राहिलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. तो भाडेकरारात असतो, जिन्यातल्या पाटीवर असतो, आणि आमच्या बाबतीत तर तो खालच्या मजल्यावरच राहत होता.

शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांच्या कुठल्याही गोष्टीत वारा शिरायचाच. मी पुण्याची म्हटल्यावर खूश होऊन म्हणाले, "म्हणजे डोंगराच्या कोरड्या बाजूची." माझं शिक्षण, नोकरी यातलं काही त्यांनी विचारलं नाही. "घराला माणसासारखा श्वास लागतो," हे मात्र ते दर भेटीत सांगत. "थंडीला स्वेटर आहे. कोंडलेल्या हवेला काही नाही."

त्यांचा दुसरा नेम टेर्मिनचा, म्हणजे आधी वेळ ठरवून भेटण्याचा. राहायचे आमच्या पायाखाली, पण वर यायचं तर आधी टपालपेटीत चिठ्ठी पडायची: गुरुवारी चार वाजता आलो तर चालेल का? आम्ही होकाराची चिठ्ठी टाकायची, की गुरुवारी चारच्या ठोक्याला बेल. निखिल, माझा नवरा, म्हणायचा, "यांच्या घराला आग लागली तरी आपल्याला चिठ्ठी येईल."

माझ्या बाळंतपणाला आई आली आणि आजोबांना तोडीस तोड भेटलं. बाळंतिणीला वाऱ्याची झुळूकही लागता कामा नये, यावर आईची श्रद्धा. माझ्या कानांत कापूस, डोक्याला स्कार्फ, आणि खोलीबाहेर पाऊल टाकायला बंदी. त्यात लेक ईरा दिवस भरण्याआधीच झालेली, मुठीएवढी. घरी तपासायला येणारी सुईण प्रत्येक वेळी बजावून जायची, हिला ऊब हवी, ऊब. आणि नेमकी ऊबच रुसली.

आमच्याकडे हीटर आणि गरम पाणी, दोन्ही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या गॅस बॉयलरवर चालायचं. त्याला इथे थेर्मे म्हणतात. इतकी वर्षं बिनतक्रार चाललेली ही बया आई आल्यापासून मधेच बंद पडू लागली. ईराला तेल लावून पाण्यात घेतलं की पाणी गार. कळ दाबून पेटवावी, तर थोड्या वेळाने पुन्हा दिवा लुकलुकायला लागे आणि ती गप्प.

आजोबांनी मेकॅनिक धाडला. त्याने दिव्याचा अर्थ सांगितला, जळका वायू नीट बाहेर जात नाहीये. धुराडं तपासलं, बर्नर साफ केला, पेटवून पाहिलं, आईच्या हातचा चहा घेतला. थेर्मे गुणी बाळासारखी चालत राहिली. तो गेला आणि संध्याकाळी ती बंद. पुढच्या खेपेला त्याने सेन्सर बदलला. तेव्हाही त्याच्यासमोर ठणठणीत, पाठ वळताच बंद. आईने निदान करून टाकलं, "घाबरतं ते त्याला. इन्स्पेक्टर आले की शाळेतली पोरं नाही का शहाण्यासारखी बसत?"

मग एका दुपारी ईरा थंडीने रडायला लागली ती थांबेचना. तिचे हातपाय निळसर दिसू लागले आणि माझं धाबं दणाणलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात आजोबा, चिठ्ठीविना. पायात घरातल्या सपाता, स्वेटरची बटणं खालीवर, हातात त्यांचा स्वतःचा विजेचा हीटर. तो लावायला ते स्वयंपाकघरात गेले, प्लगसाठी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

बाहेरच्या भिंतीला, जमिनीलगत, हवेची एक जाळी होती. तिच्यात आईची जुनी सुती साडी घट्ट कोंबलेली होती, वर चिकटपट्टीसुद्धा.

"बर्फासारखा वारा यायचा हो तिथून," आई म्हणाली. "बाळंतिणीचं घर आहे."

"मग मेकॅनिकला कशी नाही दिसली?" मी विचारलं.

"परका माणूस येणार, त्याला काय चिंध्या दाखवायच्या? काढून ठेवायचे. तो गेला की परत लावायचे."

टेर्मिन घेऊन येणाऱ्या माणसाला आमचं घर कधी जसं असतं तसं दिसलंच नव्हतं. थेर्मेच्या ज्योतीला हवा त्या जाळीतूनच मिळायची. जाळी बुजली की विषारी वायू खोलीत परतायचा, आणि तो जाणवताच थेर्मे स्वतःला बंद करून घ्यायची. ती बिघडलेली नव्हतीच. ती आम्हाला जगवत होती.

आजोबा रागावले नाहीत. साडी ओढून काढली, झटकली, नीट घडी करून आईच्या हातात दिली. खिडकी उघडली आणि खुर्चीत बसले. "मी रोज हिला शिव्या घालत होतो," थेर्मेकडे बघत ते म्हणाले, "आणि ही बिचारी माझंच म्हणणं सांगत होती. लुफ्टेन." मेकॅनिक येऊन तपासून जाईपर्यंत त्यांनी ती पेटवू दिली नाही. तोवर ईरा खाली त्यांच्या उबदार खोलीत, आईच्या कुशीत. आई तिचे तळवे घट्ट धरून रडत होती. मलाही खूप रडू आलं.

मग तह झाला. सकाळी मी आणि ईरा बंद दाराआड, आणि आई शाल लपेटून स्वयंपाकघराची खिडकी उघडणार. त्याच वेळी खाली आजोबा आपली खिडकी उघडत आणि डोकं बाहेर काढून वर बघत. "मॉर्गन," आई ऐटीत त्यांच्या भाषेत सुप्रभात म्हणायची. त्यांच्या उघड्या टकलाकडे बघून तिचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी तिने त्यांना एक कानटोपी विणून दिली. ती घालून ते लुफ्टेन करू लागले. आई भारतात परतली तरी टोपी राहिली.

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले, झोपेतच. त्यांच्या मुलीने मला खाली बोलावलं. मी पोचले तेव्हा तिने त्यांच्या खोलीची खिडकी उघडलेली होती. माणूस गेलं की जिवाला वाट मिळावी म्हणून इथली जुनी माणसं तसं करतात. कानटोपी खिडकीच्या मुठीला अडकवलेली होती, त्यांच्या नेहमीच्या जागी.

वर येऊन आईला फोन केला. हिवाळ्यात तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, खिडक्या लावल्यास ना? त्या दिवशीही तोच विचारला. मी सगळं सांगितलं.

मग म्हणाली, "त्यांची तेवढी उघडी राहू दे गं. कुणाला लावू देऊ नकोस."