डोंगर की पाणी

सुट्टीत पोरं मोबाइलला चिकटून बसली की माझं डोकं फिरतं. म्हणून मी महाडहून स्कूटीवर जाऊन मुलांचे खेळ घ्यायचे. ज्यांचं गाव दरडीखाली गेलं, त्या लोकांना बांधून दिलेल्या वसाहतीत.

त्या संध्याकाळी ‘डोंगर की पाणी’ घेतला. राज्य असलेला ‘पाणी’ म्हणाला की उंचावर चढायचं, ‘डोंगर’ म्हणाला की खाली पळायचं; मागे राहून हाती लागेल तो बाद. राज्य माझ्यावर होतं. ‘पाणी’ म्हटल्यावर सगळी ओट्यावर चढली. मग मी ‘डोंगर!’ ओरडले, तर एकही हललं नाही.

“अरे, पळा ना!” मी खेकसले.

“बाई, डोंगर आधी सांगत नाय,” एक मुलगी म्हणाली.

“मग तुम्ही कसं खेळता ते दाखव.”

मी ओट्यावर पोरांत जाऊन उभी राहिले. ती आमच्या मागे जाऊन पाठमोरी उभी राहिली. गप्प. पोरंही गप्प, माना कलत्या करून. वारा पडला होता.

अचानक सगळी एकदम, तोंडातून आवाज न काढता, खाली पळाली. मी एकटीच उरले.

माझ्या पाठीवर तिचा हात पडला.

“बाई, तुमाला ऐकू नाय आलं?”

काय, ते मी अजून विचारलेलं नाही.