दुसऱ्या गाडीत चढलेली आई

होस्टेलच्या मेसमध्ये लाल मिरचीचा खाट उठला की मुली खोकतात. मला मात्र बसवतच नाही.

मी आठ वर्षांची होते. तेलंगणात मिरची तोडायला मजूर न्यायला आमच्या गावच्या, कोंढ्याच्या चौकात दोन मुकादम आले होते. दोघांच्या गाड्या वेगळ्या गावांना जाणार होत्या. बायांची बोटं तपासून ते माणसं वाटून घेत होते. आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांना एकाने घेतलं, तशी मी कौतुकानं ओरडले, "माह्या मायसारखी मिरची कोणीच नाही तोडत!"

दुसरा लगेच म्हणाला, "मंग हे बाई मले दे. बदल्यात दोघी घे."

बाबा हात जोडत राहिले. दुसऱ्या मुकादमाच्या गाडीत चढताना आई म्हणाली, "रडू नको पोरी, खरंच तं सांगतलं तू."

तेव्हा ती मला शाबासकी वाटली. आज वाटतं, तिनं एक थापड मारली असती तर बरं झालं असतं.