उघड्या डोळ्यांचा फोटो

प्रकाश माणसाचं खरं रूप बाहेर काढतो. हे वाक्य मी माझ्या स्टुडिओच्या दारावर सुबक अक्षरांत लावलं होतं. स्टुडिओ म्हणजे भिलाईतल्या नेहरू नगरात आमच्या घराची मागची खोली. तिथे पूर्वी गव्हाच्या कोठ्या आणि उन्हाळ्याची वाट बघणारा कुलर असे. कुलर अजून तिथेच आहे. त्यावर काळं कापड टाकून मी त्याला पार्श्वभूमीच्या पदावर बढती दिली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काका. पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करून निवृत्त झालेले. मागणी स्पष्ट होती: आपण गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो. त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो ऐन वेळी गेटपासवरून मोठा करून घ्यावा लागला होता. तेव्हापासून ते थोरले हाराच्या आतून, चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखे बघतात.

"माह्यं तसं नाही झालं पाहिजे," काका म्हणाले. "डोळे उघडे पाहिजेत. नातवंडं समोरून गेले त मले दिसले पाहिजेत."

"आता त पेपरातून मान वर निघत नाही," काकू म्हणाल्या.

मी बरीच पुस्तकं वाचली होती. त्यांच्या सल्ल्याने सॉफ्टबॉक्स लावला. पुढे पांढरा पडदा असलेला हा कापडी डबा फ्लॅशचा उजेड मऊ करतो, असं समजावूनही सांगितलं. काकूंनी त्याला बोट लावून पाहिलं.

"कुलरले खोळ शिवली का?"

फ्लॅश चमकला. फोटोत काकांचे डोळे मिटलेले. दुसऱ्यातही मिटलेले, शिवाय मान वळलेली आणि हात कपाळाशी. भट्टीचं तोंड उघडलं की टोपीला लावलेली निळी काच डोळ्यांवर ओढायची, हे त्या हाताला पाठ होतं. काच केव्हाच परत जमा झाली, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"अवो, डोळे उघडा नं!"

"मी का मुद्दाम मिटून राहिलो का? याच्यापेक्षा आमची भट्टी बरी. उघडाच्या आधी भोंगा तरी वाजे. हा बाबू त सांगतही नाही."

मग मी भोंग्याची सोय केली. दर वेळी "तयार?" म्हणू लागलो. काका आता फ्लॅशच्या आधीच डोळे मिटू लागले.

फ्लॅश बाजूला ठेवून गोल एलईडी दिवा लावला. डोळे अर्धे उघडले, पण चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढरी कडी चमकू लागली.

"बांगड्या भरल्या डोळ्यात," काकू म्हणाल्या आणि चहा करायला निघून गेल्या.

मी दिवे बंद केले. काका खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. खिडकीबाहेर दोरीवर पांढरी चादर वाळत होती. दुपारचं ऊन तिच्यातून गाळलं जाऊन आत येत होतं. चहा देताना काकूंनी विचारलं, "साखर झाली का बरोबर?" काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

फोटो उत्तम आला. डोळे पूर्ण उघडे, शांत, साखरेबद्दल थोडी तक्रार असलेले. प्रकाशाच्या निवडीत माझा वाटा दिवे बंद करण्यापुरता.

फ्रेम केलेला फोटो काकांनी हातात घेतला. "हाव. हा माणूस भितीवर राहिला त चालते."

काकूंना चालत नव्हतं. "जित्या माणसाचा फोटो भितीले लावतेत का कोणी?" फ्रेम जुन्या साडीत गुंडाळून आलमारीमागे गेली. ती अजून तिथेच आहे, आणि ती तिथेच राहावी असं सगळ्यांनाच वाटतं; बोलून दाखवतात ते फक्त काका.

काका मात्र दरवर्षी स्टुडिओत येतात. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवून मिळतो. समोरचा माणूस जिवंत आहे, हे मोबाइलला पटण्यासाठी डोळे मिटून दाखवावे लागतात. माझ्या फ्लॅशसमोर काकांचं काम पहिल्याच खेपेला होतं.