गेटमनचा नंबर

मामाजींच्या पत्र्याच्या पेटीत मोबाईल दोनदा वाजला, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे हेमराज, फोन कधीच पेटीत ठेवत नाहीत. आज ठेवला, वर कुलूपही घातलं.

चौतीस वर्षं ते चरोद्याजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. स्टेशन मास्तरांचा फोन आला की फाटक लावायचे आणि रेल्वेने दिलेल्या कागदावरचा एक गुप्त आकडा फोनवर सांगायचे. तो मिळाला की मगच गाडी सुटायची. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी त्यांना डबा द्यायला जायची. आकडा असा सांगायचे की वाऱ्यातही चुकू नये.

आज रात्री आठ वाजता पोळ्या लाटताना व्हरांड्यातून तोच आवाज आला. "चार. नऊ. शून्य. दोन..." पुरे सहा आकडे.

"मामाजी, कोणाचा फोन?"

"पेन्शन ऑफिसच्या साहेबाचा. हयातीचा दाखला चढवून राहिले ते."

"दाखला तर आपण नोव्हेंबरातच दिला."

"तुले लय समजते! बी.ए. केलं म्हणून?"

माझी मुलगी उन्नती हसली. "आजोबा, ओटीपी दे दिया क्या?"

"ओटीपी नाही मागला त्यानं. नंबर मागला, मी सांगितला."

ती पुन्हा हसली नाही. तिच्या नर्सिंग कॉलेजचे पैसे त्याच खात्यात आहेत.

मी फोन मागितला, त्यांनी दिला नाही. नऊला पेटीत मेसेजचं टुंग वाजलं, थोड्या वेळाने पुन्हा. नवरा प्लांटमध्ये नाइट शिफ्टला, फोन उचलत नाही. आता मला सगळ्यांचाच संशय येतोय. मामाजींचा पेन्शन नंबर त्या माणसाला कोणी दिला? मागच्या आठवड्यात चौकात त्यांचा फॉर्म भरून देणारा तो कोण होता?

अकराला मी त्यांच्या खाटेजवळ बसले.

"गेटवर अनोळखी आवाजानं नंबर मागितला असता, तर दिला असता?"

"कावून देऊ? फोन ठेवून देत होतो, अन् स्टेशनले मीच घंटी मारत होतो."

मग पेटीची किल्ली हातात फिरवत म्हणाले,

"त्यानं माह्यं नाव घेतलं, बाई. पेन्शनचा नंबर बी बरोबर सांगितला." किल्ली उशीखाली सरकवून ते भिंतीकडे वळले. "कोणाले सांगू नको. गेटवर माह्या हातून एक चूक नाही झाली."

या एका वाक्यापायी मी अर्धा तास वहीत लिहीत बसले आहे. आणि तिकडे कोणी तरी त्या सहा आकड्यांवर काम करत असेल.

बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधणार नाही, तिथेही असेच कोणी बसलेले असतात. पासबुकावर छापलेला काढून ठेवलाय. पण आधी १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा. आत्ताच, सकाळी नाही.

मामाजींना उठवते. फोन मी लावीन, खात्याचा नंबर मात्र तेच सांगतील. त्यांच्याइतके स्वच्छ आकडे या घरात कोणी सांगत नाही.