दोष करवंटीचा नव्हता

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज सांगते. पण ऐकून ‘बिचारी’ म्हणायचं असेल तर इथेच थांबा. मी बिचारी नाही.

आमचं घर सौंसरला. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. आंघोळ, जेवण, औषधं — सगळं मीच केलं. मनापासून केलं, तेही सांगते. कमी का सांगू?

रश्मी, माझी सून, पांढुर्ण्याची. बाबांचं मन रमावं म्हणून तिने नागपूरहून काचेची टाकी आणली, बसमध्ये मांडीवर धरून. त्यात गप्पी मासे सोडले. बाकी सामान मात्र ती घरीच करायची. पाण्याच्या छोट्या बाटलीला भोकं पाडली, आत स्पंज भरला, त्यात हवेच्या पंपाची नळी खोचली — झालं फिल्टर. त्याच नळीचा तुकडा वाकवून टोकं जोडली, की पाण्यावर तरंगणारं कडं. दाणे त्यातच राहायचे, टाकीभर पसरायचे नाहीत. आणि हे? हे खुर्चीत बसून डाव्या हाताने तिला नळी धरून द्यायचे.

एक दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकलं — “रश्मी, भोक... लहान कर.”

स्वच्छ. लकव्यानंतर यांचं पहिलं पूर्ण वाक्य. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. माझ्याशी तर हे धडधाकट असतानाही कामापुरतंच बोलले — भाजी कशाची, किल्ली कुठे आहे. आणि इथे रोज दुपारी दोघांच्या गप्पा. मी चहा ठेवून जायचे. कोणी मान वर करायचं नाही.

मी जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

स्पंजबद्दल रश्मी सगळ्यांना बजावायची, “आई, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा बरं. साबण लागला तर मरतात ते.” म्हणजे मला माहीत होतं. चुकून झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

एका शनिवारी ती माझ्या मुलासोबत जामसांवलीला दर्शनाला गेली. हे झोपले होते. मी बाटली उघडली, स्पंज काढला, भांड्यांच्या साबणावर घासला. फेस दिसू नये म्हणून वरवर पिळला — आणि परत बसवला.

संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. रश्मीने धावपळ केली, अर्धं पाणी बदललं. सकाळी एकही उरला नव्हता.

शुक्रवारीच तिने माशांना लपायला नारळाची करवंटी ठेवली होती. ती हातात धरून रडत म्हणाली, “मी नीट उकळलीच नाही वाटते, बाबा. रंग सुटूनच राहिला होता.”

त्यानंतर हे कोणाशीच फारसे बोलले नाहीत. मला वाटलं होतं, आता माझ्याकडे वळतील. कशाला वळतील? टाकी माळ्यावर गेली. त्याच हिवाळ्यात हे गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा रश्मी माझ्याजवळ येऊन बसली.

“आई, माझ्यामुळे बाबांचं बोलणं बंद झालं. तुम्ही मला एक शब्दही बोलल्या नाही. काहून?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, “जाऊ दे बाई. मी मनात काही ठेवलं नाही.”

मासे मारले, ते एक. पण ही माफी? माझ्याच गुन्ह्यासाठी मी तिला माफ केलं! आणि तिने डोळे पुसत ते मानलं. तेव्हापासून ती माहेरी, शेजारी, सगळीकडे सांगते — आमच्या आईंचं मन फार मोठं. मी ऐकते. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं.

तिला सांगेन का? नाही. भांडेल म्हणून नाही. ती भांडणार नाही. मला माफ करेल — खरोखरची माफी. ती मी घेणार नाही.