मानाच्या भिंतीवर किसन

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगवीत आमच्या सोसायटीखालच्या गिरणीत दळणासाठी उभा होतो. कोजागिरीचा दुसरा दिवस. फोन त्याच्या मुलाचा, महेशचा. "काका, अप्पा गेले. जेवायला बसले होते, पाणी मागितलं आणि..." पुढचं गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. उभ्या आयुष्याचा मित्र गेल्यावर माणसाला आधी काय आठवावं? त्याचा चेहरा, त्याची बायको, मुलं. मला आधी आठवला तो माझा स्वतःचा फोटो, क्लबच्या खोलीत भिंतीवर खंडेनवमीला लावलेला. अजून आठवडाही नीट उलटला नव्हता त्याला. दळणाचा डबा तिथंच सोडून मी रिक्षा शोधायला निघालो.

वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून आधी ती भिंत सांगतो. चऱ्होलीला आमचा फुटबॉल क्लब. कंपनीतले आम्ही काही जण आणि गावातली पोरं मिळून तो उभा केला. किसन मूळचा तिथला, शेतकरी घरातला, प्रेस शॉपमध्ये कामाला. मी चिपळूणकडून पोटासाठी आलेला, टूल रूममध्ये. तो गोलकीपर आणि मी त्याच्या पुढ्यात बचावाला उभा स्टॉपर, त्यामुळे मैदानावर मी किसनला पाहिलेला कमी आणि ऐकलेला जास्त. माझं नाव प्रभाकर, पण त्यानं ते पहिल्याच मॅचला मोडून ठेवलं. "परभा, डावीकडं बघ. परभा, झोपला का काय." गोल झाला तर चूक माझी, अडवला तर करामत त्याची, असा सरळ हिशेब. भांडण मात्र त्यानं कधी मैदानाबाहेर नेलं नाही. मॅच संपली की स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे धरायचा.

आमच्याकडे कारखान्यांत खंडेनवमीला मशीनची पूजा होते. ती आटोपली की कपाळाचं कुंकू न पुसता आम्ही मैदानाकडेच्या पत्र्याच्या खोलीत जमायचो. पाटावर बॉल, हवा भरायचा पंप, जाळी, कुणाचे तरी शिवून घेतलेले बूट आणि वर झेंडूची फुलं. आणि त्या वर्षी सगळ्यांचं एकमत झालं असेल तर एका जुन्या, खेळणं थांबवलेल्या खेळाडूचा फोटो भिंतीवर चढायचा. आमच्या टीमचा सगळ्यात मोठा मान तो हाच. कप नाही, शाल नाही, एक फ्रेम आणि एक खिळा. पण त्या खिळ्यासाठी काय वाद व्हायचे... कुणी म्हणे गोल मोजा, कुणी म्हणे वर्षं मोजा. नाईट शिफ्ट करून सकाळी मॅचला उभा राहणारा मोठा, की सुट्टी टाकून येणारा? टपरीवाल्यानं स्टोव्ह विझवला तरी वाद विझायचा नाही. किसनचं मत ठरलेलं होतं. "गोल काय, लागतो कुणाचापण. मॅच हरल्यावर जाळी कोण गुंडाळतं त्ये बघा. त्यो फोटूचा माणूस." यावर सगळे हसायचे, कारण हरल्यावर जाळी बहुतेक वेळा मीच गुंडाळायचो, आणि हा ढकलाढकली करून मला भिंतीवर बसवायला बघतो हे सगळ्यांना कळायचं.

मग एका खंडेनवमीला घोटाळा झाला. नव्या पोरांनी बॉलसाठी हार आणले ते जास्त झाले. उरलेले हार वाया कशाला घालवायचे म्हणून त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या फोटोंना घातले. गेलेल्यांना घातले आणि जिवंतांनाही घातले. फोटोला हार कधी घालतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण उत्साहाच्या भरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मधूअण्णा, आमचा पहिला कॅप्टन, खोलीत आला आणि स्वतःच्या फोटोला हार बघून पोट धरून हसला. त्याच्याखाली हात जोडून उभा राहिला आणि मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून घेतला. दिवाळीच्या आधी चाकण रस्त्यावर टँकरनं त्याला उडवलं. तोच मोबाइलमधला फोटो शोकसभेत लावला होता, कारण घरच्यांना दुसरा हसरा सापडेना.

तो योगायोग समजून आम्ही पुढच्या वर्षी आमच्यातल्याच जुन्या गायकवाडचा फोटो लावला. हार वगैरे काही नाही, नुसता फोटो. गायकवाड चांगला धडधाकट, सकाळी इंद्रायणीच्या काठानं चालायला जाणारा. संक्रांत झाली आणि गायकवाड झोपेतून उठलाच नाही. त्यानंतर आमच्या क्लबात जे सुरू झालं ते मी कुठं पाहिलं नाही. मानासाठी एकमेकांचे गळे धरणारे लोक एकदम विनम्र झाले. "माझ्यापेक्षा त्याचा हक्क मोठा," असं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगायला लागला. एकाला मुलीचं लग्न उरकायचं होतं, एकाचं घराचं कर्ज फिटायचं होतं. खोलीत झाडायलाही कुणी थांबेना. मधूअण्णाच्या फोटोवरचा तो हार वाळून काळा पडला तरी काढायला कुणाचा हात पुढे होईना. फुलं आपोआप सुटून खाली पडायची आणि दार उघडलं की वाऱ्यानं फरशीवर सरकायची. सेक्रेटरीनं पुढच्या माणसासाठी आधीच ठोकून ठेवलेला खिळा काही वर्षं तसाच रिकामा राहिला.

मागच्या वर्षी सेक्रेटरीनं पुन्हा विषय काढला आणि किसन उभा राहिला. म्हणाला, "माजा लावा." कुणाला वाटलं चेष्टा करतोय. तो तावातावानं बोलायला लागला, मी इतक्या पेनल्ट्या अडवल्या, माझी बोटं मोडली, ह्या मैदानाची जागा बिल्डरकडं जात होती ती मी चुलत्याच्या पाया पडून राखली, माझ्यासारखा हक्काचा माणूस दुसरा कोण. स्वतःच्या तोंडानं स्वतःची आरती. मला त्याचा भयंकर राग आला. ज्या माणसानं आयुष्यभर जाळी गुंडाळणाऱ्याचा मोठेपणा सांगितला तो म्हातारपणी असा मानाला हपापलेला बघून मला लाज वाटली, आणि मी तसं त्याच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. तो फक्त म्हणाला, "व्हय, हपापलोय. मग?" फोटो लागला. तरुणपणचा, हवेत आडवा झेपावलेला किसन.

हा पुढची खंडेनवमी बघतो का, म्हणून ते वर्षभर सारं गाव त्याच्याकडे बघत होतं. तो टपरीवर यायचा, छातीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "अजून हाय बरं का." लोक हसायचे, पण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं टाळायचे. रोज संध्याकाळी तो क्लबच्या खोलीत एकटा जाऊन फ्रेमची काच पुसायचा. मी एकदा विचारलं, रोज काय पुसतोस? म्हणाला, "आतनं वाफ धरतीया राव." मी जवळ जाऊन पाहिलं. काच कोरडी होती... निदान माझ्या बाजूनं तरी.

यंदाच्या खंडेनवमीला किसन पांढरे स्वच्छ कपडे घालून आला. आपल्या फोटोखाली उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "मोजा. वरीस झालं का न्हाई?" झालं होतं. खंडेनवमी ते खंडेनवमी. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीचे तर डोळे भरून आले. आणि किसननं पिशवीतून एक फ्रेम काढली, कागदात गुंडाळलेली. "आता परभाचा. ह्याच्याइतका मानाचा माणूस आपल्यात दुसरा न्हाई, आन् आता भ्यायचं कारणबी न्हाई." खिळा त्यानंच ठोकला. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला, समोर बघणारा तरुण मी. गर्दीत लांबूनच पाहिला आणि पेढे वाटायला लागलो.

किसनच्या सरणाजवळ कुणी माझ्याकडे नीट बघत नव्हतं. जो येई तो किसनबद्दल बोलायच्या ऐवजी मला विचारी, "तब्येत बरी आहे ना?" माझ्या भोवती हातभर जागा मोकळी राहिली होती. शेवटी सेक्रेटरी जवळ आला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, "प्रभाकरभाऊ, आपण तिथीनं मोजलं." मला आधी कळेना. "खंडेनवमी यंदा लवकर आली ना. त्या दिवशी तारखेनं वर्ष पुरं व्हायला दहाएक दिवस राहिले होते." आयुष्यभर मायक्रोमीटरवर केसाचा फरक पकडणारी आम्ही माणसं, आणि वर्ष मोजताना कुणाला हे सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, सुनंदानं एकच लावून धरलं, फोटो उतरवून आणा. ती देवभोळी नाही. बँकेत नोकरी केलेली बाई आहे. पण गेल्या वर्षीच माझं बायपास झालेलं, आणि ते दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. मी तिला योगायोग समजावून सांगायचो आणि मग स्वतःच नाडीवर बोट ठेवून बसायचो. उतरवला तर किसननं वर्षभर जे सोसलं त्यावर पाणी पडणार होतं, आणि त्या भिंतीला पुढे कुणी हात लावणार नव्हतं. नाही उतरवला तर... या 'तर'च्या पुढे माझं मन जात नव्हतं. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी चऱ्होलीला गेलो. आधी किसनच्या बायकोला, वहिनींना भेटावं म्हणून त्यांच्या घरी.

शांतावहिनी ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. मी फोटोचं बोललो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मागल्या वर्षी तुमचंच नाव ठरलं व्हतं. सेक्रेटरी आधी आमच्याकडं आला हुता सांगाय. तुमचं आपरेशन तोंडावर. हे म्हनले, परभा डाक्टरला भीत न्हाई एवढा त्या भिंतीला भितो. फोटू लागला तर टेबलावरच जायाचा. म्हनून सोताचं नाव रेटलं." मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिलो. रडू आलं होतं आणि ते वहिनींपुढे नको होतं, त्यांचं दुःख माझ्याहून मोठं. मग विचारलं, "तो मानत होता का हो हे सगळं?" शेंग फोडता फोडता त्या म्हणाल्या, "दिसाढवळ्या न्हाई मानायचे."

मी उठलो तेव्हा त्यांना आणखी एक आठवलं. माझा फोटो मोठा करून घ्यायला त्या किसनबरोबर स्टुडिओत गेल्या होत्या. स्टुडिओवाला म्हणाला होता, मागं एक माणूस धूसर आलाय, काढून टाकतो, फोटो साफ दिसेल. "तर हे त्याच्यावर केवढ्यानं वरडले. म्हनले, त्यो ऱ्हाऊ दे तितंच. पुढचा चुकला तर मागं कोन हाय मग?"

खोलीला कुलूप नव्हतं. बाहेर नव्या इमारतींची सावली भरदुपारी मैदानावर पडलेली, पोरं अजून यायची होती. मी दार लोटलं. वाळलेली फुलं फरशीवर जराशी हलली. स्टूल ओढून मी त्यावर चढलो आणि पहिल्यांदा माझा फोटो जवळून पाहिला. गुडघ्यांवर हात टेकलेला मी, आणि माझ्या खांद्याच्या वर, मागे, गोलपोस्टच्या दोन खांबांमध्ये एक पुसट माणूस, हात पसरलेला. चेहरा कळत नव्हता. पण किसनचं उभं राहणं मला चेहऱ्याशिवाय कळतं, इतकं त्याला मी न बघता ओळखतो. शेजारच्या फ्रेमकडे नजर गेली. झेपावलेल्या किसनच्या काचेवर आतून वाफ धरली होती. मी बोटानं पुसून पाहिली, बोट कोरडंच राहिलं. पुन्हा माझ्या फोटोकडे वळलो आणि किती वेळ तसाच उभा होतो सांगता येणार नाही. आधी पाहिलं तेव्हा तो दोन खांबांच्या मधोमध, रेषेवर उभा होता. आता त्याचा एक पाय रेषेच्या पुढे होता. माझ्या दिशेनं.

मी घाबरलो नाही. उलट बायपासनंतर पहिल्यांदाच मला पुरता श्वास आला. फ्रेमची तार जरा सैल झाली होती, ती खिळ्यावर नीट बसवली. मग मधूअण्णाचा काळा पडलेला हार काढला, झाडू शोधून खोली स्वच्छ झाडली आणि दार ओढून घेऊन बसस्टॉपवर आलो.

घरी पोचलो तर सुनंदा दारातच उभी होती. तिनं आधी माझे रिकामे हात पाहिले. "उतरवला नाही?"

म्हटलं, "किसनला विचारलं. तो नको म्हणाला."

तिनं मला आत घेतलं आणि चहा टाकला.